फझमधून रेडिओ वाजतोय? आधी बॅटरी लावून बघ

तुझ्या फझ पेडलमधून (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा पायाखालचा डबा) बातम्या ऐकू येतात म्हणून लगेच सर्किट उपसू नकोस. गिटारची केबल अँटेनासारखी वागते आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन क्रिस्टल रेडिओतल्या डायोडचं काम करतं. पुढे तो बारीक सिग्नल मोठा करायला फझचा गेन आहेच. मुंबईत ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी मी अशीच ऐकली आहे.

आधी अ‍ॅडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लाव. आवाज गेला तर त्रास अ‍ॅडॉप्टरकडून येतोय. नाही गेला तर केबल बदलून बघ.

मग पेडलचा डबा. नुसता अ‍ॅल्युमिनियमचा असून भागत नाही, तो ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला) आणि झाकण डब्याला नीट टेकलं पाहिजे. माझ्या एका पेडलमध्ये झाकणाच्या कडेवर रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने कड घासली, चकचकीत धातू दिसल्यावर स्क्रू आवळले आणि रेडिओ गप्प झाला.

तरीही राहिलं तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाक, पाय अगदी आखूड ठेवून. लांब पाय म्हणजे पुन्हा अँटेनाच! ऑपअँपच्या (ट्रान्झिस्टरऐवजी अ‍ॅम्प्लिफायर चिप असलेल्या) पेडलला इनपुटवर १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्यानंतर १०० पिकोफॅरड ग्राउंडला दे. साधारण १५९ किलोहर्ट्झच्या वरचं कमी होत जातं, गिटारच्या सुराला धक्का लागत नाही. फझला मात्र हा रेझिस्टर लावू नकोस. गिटारचा पिकअप (तारांचा कंप पकडणारी कॉइल) थेट ट्रान्झिस्टरशी बोलतो, त्यातच त्याची सगळी गोडी आहे.