आठवी-नववीच्या मुलांना जबाबदारी आणि चारित्र्य कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका शाळेत यंदाच रुजू झालात, आणि मुख्याध्यापकांनी दर गुरुवारचा शेवटचा तास 'जबाबदारी आणि चारित्र्य' यासाठी तुमच्या गळ्यात घातलाय. पुस्तक नाही, परीक्षा नाही. काय शिकवू, असं विचारताय.

मी पेठेतल्या एका मराठी शाळेत 22 वर्षं गणित शिकवतेय, त्यातली बरीचशी नववीची वर्गशिक्षिका म्हणून गेली. शेवटच्या तासाला मुलांचा अर्धा जीव सायकल स्टँडवर असतो. तेव्हा व्याख्यानाचा बेत असेल तर आधी तो सोडा.

मूल्यशिक्षण आपल्याला नवं नाही. राष्ट्रभक्तीपासून वक्तशीरपणापर्यंत दहा मूल्यं आम्ही परिपाठात घोकून घेतली, जिन्याच्या भिंतीवर रंगवून घेतली. 'श्रमप्रतिष्ठा' लिहिलेल्या भिंतीखालीच चिक्कीचे कागद पडलेले असायचे आणि ते मावशी झाडायच्या. मुलांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

1920 च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी दहा हजारांहून जास्त मुलांचा प्रामाणिकपणा तपासला होता. मुलांनी सोडवलेल्या पेपरांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग मूळ पेपर त्यांच्याच हाती देऊन 'आपापले तपासा' म्हणायचं, की कोणी उत्तरं बदलली ते आपोआप कळतं. असे कितीतरी सापळे त्यांनी लावले. निघालं असं की एके ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे फसवेलच असं नाही, आणि चारित्र्याचे धडे घेतलेली मुलं इतरांपेक्षा फारशी प्रामाणिकही नव्हती. हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि मला हायसं वाटलं. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात बिनधास्त कॉपी करायचा आणि क्रिकेटमध्ये पंचाने नाबाद दिलं तरी स्वतःहून मैदान सोडायचा. त्याला खोटारडा म्हणावं की सच्चा, हे मला कधी ठरवता आलं नव्हतं.

म्हणून 'चारित्र्य' हा शब्द मी वर्गात उच्चारतच नाही. मी काम देते. काम असं हवं की ते झालं नाही तर कुणाचं तरी खरोखर अडेल. आणि ते अडलं की आपण मधे पडायचं नाही. यातला दुसरा भाग शिक्षकांना आणि पालकांना फार जड जातो.

दंडाचं सांगते. एके वर्षी आमच्याकडे उशिरा येणाऱ्याला 10 रुपये दंड ठरला. दुसऱ्या आठवड्यात एका पठ्ठ्याने 50 ची नोट काढली आणि म्हणाला, "बाई, पुढच्या आठवड्याचेही आत्ताच घेऊन टाका." इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर असाच एक प्रयोग झालाय, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर करणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड काढला तरी ते कमी झाले नाहीत. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती, नंतर तो नुसता दर झाला. आमचा 50 वाला मुलगा हेच सांगत होता, फक्त त्याने शोधनिबंध लिहिला नाही.

आम्ही दंड बंद केला आणि वर्गाची किल्ली त्यालाच दिली, जोडीला आणखी एक उशिरा येणारी मुलगी. तिसऱ्याच दिवशी दोघांनाही वाटलं की दुसरा उघडेल. पन्नासेक मुलं व्हरांड्यात, वर पावसाची झड. शिपाईकाकांकडे दुसरी किल्ली होती, पण मी मागितली नाही. मीही मुलांबरोबर भिजत उभी राहिले. 20 मिनिटांनी तो धापा टाकत आला. मी एक शब्द बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती, वर्गाने ते काम चोख केलं. मुलगा सुधारला. मुलीचा उशीर वर्षभर तसाच राहिला. घरी धाकट्या भावाला बालवाडीत सोडून यायचं तिच्याकडेच होतं, हे मला दिवाळीनंतर कळलं. विचारायला हवं होतं मी आधी. ज्या मुलीला बेजबाबदार समजत होते ती माझ्या वर्गातली सगळ्यात जास्त जबाबदारी वाहणारी होती.

आता पालक. विसरलेली प्रयोगवही घेऊन स्कूटरवरून फाटकापाशी येणाऱ्या आया तुम्हालाही दिसतील. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत मी हात जोडून सांगते, डबा, औषध आणि चष्मा सोडून शाळेत काही आणून देऊ नका. निम्मे ऐकतात.

आनंद मेळाव्यात नववीने भेळेचा स्टॉल लावला तेव्हा हिशेबात 340 रुपये कमी आले. खजिनदार गोरामोरा. दुसऱ्या दिवशी त्याची आई 500 ची नोट घेऊन हजर. "मिटवून टाका ना बाई, कशाला वाढवायचं." मी नोट परत केली, त्या माझ्यावर रागावल्या. मग त्याला एकट्याला बसवून विचारलं. मित्रांना फुकट भेळ खिलवली होती, नाही म्हणता आलं नव्हतं. वर्गाला कसं सांगायचं ते त्याच्यावरच सोडलं. इथे जपून असा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मुलाला चारचौघांत उघडं पाडणं वेगळं नि त्याने आपण होऊन हिशेब देणं वेगळं. त्याने दोन दिवस घेतले आणि वही घेऊन उभा राहिला. भरपाई कशी करायची तेही त्यानेच सुचवलं, सोसायटीतली रद्दी. तीन रविवार, 29 किलो, किलोला 12 रुपये. फुकट खाल्लेल्यांपैकी दोघं गोणी उचलायला गेले, बाकीचे फिरकले नाहीत. जमेच्या बाजूला त्याने 340 च्या खाली वेगळ्या ओळीत जास्तीचे 8 रुपयेही लिहिले होते.

पुण्यात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये एकदा संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव बघून या. प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि यांची पथकं शाळांतूनच उभी राहिली. गणिताच्या तासाला जांभया देणारं पोरगं तिथे वेळेआधी येऊन स्वतःचा ढोल ताणत असतं. त्याला कुणी वक्तशीरपणावर निबंध सांगितलेला नसतो. आपण नसलो तर रांगेत भोक पडतं हे त्याला दिसतं. आवाजाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी.

आणि तुमच्या स्वतःच्या चुकांचीही तयारी ठेवा. घटक चाचणीचे पेपर आठ दिवसांत देते म्हणून मी एकदा तीन आठवडे लावले. एक मुलगी उठली, "बाई, आमच्या उशिराला डायरीत शेरा. तुमच्या?" वर्ग चिडीचूप. मला आधी रागच आला. मग माझ्या डायरीत शेरा लिहिला आणि खाली सही तिची घेतली. तिने शुद्धलेखनही तपासलं.

तर पहिल्या गुरुवारी फळा कोरा ठेवा आणि वर्गात काय काय बिघडलंय याची यादी मुलांकडूनच करून घ्या. पंखा, गळका नळ, हरवणारे डस्टर, काहीही. त्यातली चार-पाच कामं जोड्यांना वाटा, महिन्याने बदला, आणि पुढचे गुरुवार नुसते ऐकण्यात घालवा. कोणाचं काय अडलं, का अडलं. मधल्या काळात वर्ग घाण दिसेल, मुख्याध्यापक विचारतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

वर्गाची किल्ली दिलीत तर दुसरी शिपाईकाकांकडे जरूर असू द्या. फक्त मुलांना ते कळू देऊ नका.