चार मॅलेट आणि एक तबला

प्रश्न: लहानपणापासून तबला वाजवतो, आता वेस्टर्न कंपोझिशन शिकतोय. सोलो पर्कशन (आघातवाद्यं) आणि स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक सोलो वादक आणि मागे ऑर्केस्ट्रा अशी रचना, लिहायला घेतलाय. मरिंबा (मॅलेट म्हणजे गोल डोक्याच्या काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य), टिंपनी (मोठे नगाऱ्यासारखे ड्रम), कोंगो (हाताने वाजवायचे उंच ड्रम), तबला सगळं एकाच वादकाला दिलंय. सर म्हणतात स्ट्रिंग्ज ऐकूच येणार नाहीत. खरंय का? (वाचक, वय २१, नाशिक)

उत्तर: सरांचं निम्मं बरोबर आहे. टिंपनी आणि कोंगो जोरात आले की व्हायोलिनं गेलीच. पण मरिंबाचं उलट होतं, खालच्या सुरांत त्याचा आवाज एकदम मऊ असतो आणि नेमके तिथेच चेलो, डबल बेस ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं बो (गज) ओढत बसली की सोलोच बुडतो, म्हणून मरिंबा खाली उतरला की चेलोंना गप्प बसव नाहीतर वर पाठव. पिझिकातोचाही (तारा बोटांनी छेडण्याचा) मोह होतो, पण तिथे दोघांचाही सूर टुक् करून उमटतो नि लगेच विरतो, मग कोण काय वाजवतंय तेच कळत नाही. त्यापेक्षा बोने लांब सूर धरू दे. तुला काय सांगायचं, सारंगीवर लेहरा (तीच ती फिरती धून) चालू असताना तबला किती स्वच्छ ऐकू येतो!

ब्राझीलच्या ने रोसाउरोंचा १९८६ चा मरिंबा कॉन्चेर्टो ऐक. ते स्वतः पर्कशनवाले. मागे फक्त स्ट्रिंग्ज, पुढे एक मरिंबा, आणि त्यावर चार मूव्हमेंट (भाग) निभावल्यात. तुझे कोंगो मला तरी उगाच वाटतात.

तबला ठेव, पण जपून. तो काळी एकला (हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे) लावलेला आणि तू मधेच स्ट्रिंग्ज पांढरी चारला नेल्यास तर प्रत्येक 'ना' खटकणार, आणि तिथे हातोडी घेऊन बसायला वेळ कुठाय? दुसरा तबला लावून शेजारी ठेव, नाहीतर तेवढा भाग डग्ग्यावर काढ. झाकीरभाईंचा (झाकीर हुसेन) तबला कॉन्चेर्टो 'पेश्कार' २०१५ मध्ये मुंबईतच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर झाला, त्यात तर मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा होता, म्हणजे तबला टिकतो, प्रश्न तो नाहीये.

प्रश्न हा आहे की मरिंबा उभ्याने वाजवतात आणि तबला बसून. मॅलेट खाली ठेवायची, बसायचं, हाताला पावडर लावायची, याला किती बार (तालाची आवर्तनं) लागतात ते मोबाईलवर टायमर लावून बघ. मी एकदा चार सेकंद दिले होते, रिहर्सलला वादकाने मॅलेट दातात धरली आणि व्हायोलिनवाले हसत सुटले.