ईएसपी ३२ (वाय-फायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ५ व्होल्टच्या निळ्या रिले मॉड्यूलवर (बोर्डाच्या सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच) टाकीचा १ एचपीचा पंप थेट चालवता येईल का?

नाही, पंप त्या रिलेवर थेट जोडू नका. तिच्यावर छापलेले १० अँपिअर हे बल्ब-हीटरसारख्या लोडसाठी असतात. पंप चालताना साधारण ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. अशी एक रिले मी उघडून पाहिली आहे, आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. मग ईएसपीने कितीही वेळा 'बंद' सांगितलं तरी पंप चालूच आणि टाकी वाहतेय! रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या मोठ्या लोडसाठीचा दणकट रिलेसारखा स्विच) २३० व्होल्टची कॉइल चालवा, पंप कॉन्टॅक्टरवर घ्या. कॉन्टॅक्टर पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळेल. मोटरसाठीचं, म्हणजे एसी-३ रेटिंग विचारूनच घ्या. नुसते दिवे किंवा पंखा असेल, तर तीच रिले पुरते.