आधी खडाखडी, मग डाव

प्रिय सोनू,

तुझा निरोप ऐकला. कोल्हापुरात सगळे भांडल्यासारखे बोलतात, अनोळखी काका बाबांचा पगार विचारतात आणि मामी बाई असून 'मी आलो' म्हणते. मग ही माणसं उद्धट का? आणि आजी 'माणूस ओळखायला शीक' म्हणते, म्हणजे नेमकं काय करू?

आधी मामीचं. तिथल्या बोलीत बायकाही 'मी येतो, मी जेवलो' म्हणतात. पुस्तकी मराठीच्या कानाला ते अडाणी वाटतं, आणि बोलणारी बाई डॉक्टर निघाली की तोच कान ओशाळतो. 'कुठं चाललायस?' ही नुसती हाक समज, 'हितंच' एवढं उत्तर पुरतं. पगाराला 'भागतंय की' म्हणून हसायचं. चहाला तू 'नको' म्हणालास तरी कप पुढं येणार, कारण पहिला नकार तिथं संकोचाचा धरतात. खरंच नको असेल तर 'आत्ताच घेतलाय' असं कारण दे. आवाजाचं मनावर घेऊच नकोस.

हे सगळं झालं वळण. स्वभाव निराळा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. भाताला ते लागू पडतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात शिजतात. तरी पातेलं मोठं असलं की एक शीत वरचं आणि एक मधलं दाबून बघावं लागतं, वरचं कच्चं राहिलेलं असू शकतं. माणूस तर दर तासाला वेगळ्या आचेवर.

त्यापेक्षा मामा खासबाग मैदानात नेईल तेव्हा कुस्तीची सुरुवात नीट बघ. सलामी झाल्या झाल्या पैलवान डाव टाकत नाहीत. मानेवर हात, मनगटाला पकड, जरा ढकलून, जरा ओढून बघतात की याचा भार कुठल्या पायावर आहे, दम किती आहे. ही खडाखडी. घाईनं पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, गेलेला बऱ्याचदा स्वतःच खाली सापडतो.

माणसाची खडाखडी वहीत कर. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. 'काका रिक्षावाल्यावर ओरडले' डावीकडं, 'काका तापट' उजवीकडं. मग त्याखाली आणखी दोन कारणं लिही. रिक्षावाल्याला कमी ऐकू येत असेल, मागून बस येत असेल. आपण ओरडलो की कारण सांगतो, दुसरा ओरडला की त्याचा स्वभाव काढतो. दुसऱ्याचा लगेच स्वभाव काढायच्या या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' असं नाव दिलं. आपल्याकडं कुसळ-मुसळाची म्हण आहेच.

उजवी बाजू पक्की करण्याआधी माणूस तीनदा बघ. घाईत असताना, पैशाचा हिशेब करताना, आणि ज्याच्याकडून त्याला काहीच मिळायचं नाही अशा कुणाशी बोलताना. तिसरी वेळ सगळ्यात बोलकी. भांडी घासणाऱ्या मावशींना आठवणीनं ताट कोण वाढतं? तांबडा रस्सा संपत आला की आपली वाटी मागं कोण ओढतं? गोड बोलणाऱ्यांनाही हीच वही लाव. त्यांना आपण फार लवकर पास करतो, आणि ती चूक जास्त महागात पडते.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. 'घरी सांगू नको' असं कुणी मोठं माणूस म्हणालं की वही मिटायची आणि थेट आजीकडं.

आणि वहीत नावं लिहू नकोस. मामी वाचणारच.

तुझी आई