आंबवणे की किण्वन?

प्रश्न असा: जीवाणूंकडून साखरेपासून लॅक्टिक आम्ल किंवा ब्युटेनॉल (एक अल्कोहोल) करवून घेण्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'फर्मेंटेशन'ला, सरळ 'आंबवणे' म्हणावं, की 'किण्वन' हा जड शब्दच हवा?

'आंबवणे' हा शब्द सुरेख आहे, पण त्याच्या पोटात 'आम्ल' आहे. 'किण्व' म्हणजे मद्य तयार करताना घालायचं बीजद्रव्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या संदर्भात तो शब्द येतो. त्यात चवीचा संबंध नाही. फरक इथेच पडतो.

लॅक्टिक आम्लापुरतं 'आंबवणे' चपखल बसतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून आम्लाचे दोन रेणू होतात, म्हणजे 180 ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त 180 ग्रॅम आम्ल. पण द्राव आंबट होत गेला की जीवाणूच मंदावतात, म्हणून चुन्याची निवळी नव्हे, दाट कालवण सोडत पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका द्राव आंबट) 5.5 ते 6.5 च्या दरम्यान धरतात. टाकीत साठतं ते कॅल्शियम लॅक्टेट. त्यातून सल्फ्युरिक आम्लाने लॅक्टिक आम्ल सोडवताना किलोमागे जवळजवळ तेवढंच जिप्सम हाती येतं.

ब्युटेनॉलच्या बाबतीत मात्र हा शब्द चक्क दिशाभूल करतो. क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम आधी ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल करतो, द्राव आंबतो. मग तोच जीवाणू ही आम्लं बऱ्याच अंशी परत आत घेऊन ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल साधारण 3:6:1 या प्रमाणात देतो. आम्ल फार झपाट्याने साठलं तर हा दुसरा टप्पा सुरूच होत नाही. थोडक्यात, इथे द्राव 'आंबून राहिला' म्हणजे बॅच फसली! म्हणून सर्वसाधारण संज्ञा 'किण्वन'च ठेवावी, आणि 'आंबवणे' जिथे आम्ल हवं आहे तिथे बिनधास्त वापरावं.

'इनॉक्युलम'साठी, म्हणजे सुरुवातीला टाकीत सोडायच्या जिवंत जीवाणूंच्या द्रावासाठी, मात्र 'निवेशद्रव्य' कशाला? 'विरजण' आहे की. दह्याचं विरजण जसं ताजं आणि बेताचं लागतं, तसंच इथेही: जीवाणू जोमाने वाढत असतानाच उचललेलं, टाकीतल्या द्रावाच्या साधारण 5 ते 10 टक्के. जुनं किंवा अपुरं पडलं की वाढ उशिरा सुरू होते आणि तेवढ्या वेळात उपरे जंतू साखरेवर ताव मारतात. साखर शिल्लक असतानाच थांबलेल्या बॅचला 'अदमुरी' म्हणता येईल. अर्धवट लागलेल्या दह्याचा हा शब्द इथे नेमका बसतो.

उपऱ्या जंतूंनी किंवा जीवाणूभक्षी विषाणूंनी बिघडलेल्या बॅचला 'आंबली' म्हणू नये. ती 'नासली'.