‘माझे सासरे देशासाठी तुरुंगात होते, पण कुणीच ते मानत नाही’

प्रश्न : ताई, माझं माहेर कोल्हापूरचं, सासर पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातलं. नोकरीमुळे आम्ही पिंपरीत असतो. बीजी, म्हणजे सासूबाई गेल्या, तेव्हा सासऱ्यांना इकडे आणलं. तरुणपणी एका खात्याने पापाजींना माहिती आणायला सीमेपलीकडे पाठवलं होतं. ते पकडले गेले आणि अनेक वर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्या खात्याने ओळख दाखवली नाही. गावात सगळे त्यांना स्मगलर म्हणायचे. मला वाटतं, कोर्टात जावं. नवरा म्हणतो, जुनी मढी उकरू नकोस. पापाजी गप्प. घरातल्या घरात बाल्कनीत जायचं तरी ‘जाऊ का?’ म्हणून विचारतात. सात वर्षांचा मुलगा सारखा विचारतो, आजोबा जेलमध्ये का होते? मी काय करू?
– एक सून

उत्तर : बाळा, आधी कोर्टाचं बोलू. ‘हा आमचा माणूस होता’ असं सरकारकडून लेखी मिळेल, ही आशा फार धरू नकोस. हेर पकडला गेला की हात वर करायचे, ही जगभरची रीत आहे. पापाजींनाही निघताना याची कल्पना असणार. पण जगापुढे नाकारणं वेगळं आणि त्याच्या बायकापोरांना वाऱ्यावर सोडणं वेगळं. पहिल्याला राजकारणाची सबब आहे. दुसऱ्याला कसलीच नाही.

आणि दुसरं टाळता येतं. १९५२ मध्ये जॉन डाउनी आणि रिचर्ड फेक्टो हे सीआयएचे दोन तरुण चीनमध्ये पकडले गेले. ते सैन्याचे साधे मुलकी कर्मचारी होते, असं अमेरिका वर्षानुवर्षं सांगत राहिली. मात्र आतल्या आत सीआयएने दोघांचे पगार चालू ठेवले, बढत्या दिल्या, साठलेले पैसे गुंतवले आणि घरच्यांशी संपर्क ठेवायला माणसं नेमली. फेक्टो १९७१ च्या अखेरीस सुटले. डाउनी सुटले मार्च १९७३ मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी त्यांचा सीआयएशी संबंध जाहीरपणे मान्य केल्यावर. पुढे डाउनी वकिली शिकून न्यायाधीश झाले. वीस वर्षं तोंडाने नाही म्हणत असतानाही हिशेब चोख ठेवता आला. म्हणून ‘गुप्ततेमुळे काहीच करता येत नाही’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

आपल्याकडचं एक प्रकरण मात्र नीट समजून घे. राजस्थानातले महमूद अन्सारी हे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. गुप्तचर कामासाठी आपल्याला पाकिस्तानात पाठवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. १९७६ मध्ये ते पकडले गेले, चौदा वर्षांची शिक्षा झाली. ते तिथे असतानाच, गैरहजर राहिले म्हणून १९८० मध्ये त्यांना नोकरीवरून काढून टाकलं. १९८९ मध्ये परतल्यापासून ते दारोदार फिरत होते. उच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून दाद दिली नाही. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये आपले उदय लळित सरन्यायाधीश असताना त्यांच्या खंडपीठाने सरकारला दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, विशेष बाब म्हणून. तोवर अन्सारी पंचाहत्तरीला आले होते, लेकीवर अवलंबून होते. सरकार शेवटपर्यंत ‘आमचा संबंध नाही’ म्हणत राहिलं.

यातून तुझ्या कामाचं काय? अन्सारींपाशी सरकारी नोकरीची कागदपत्रं होती, पापाजींपाशी बहुधा नसतील. म्हणून जे आहे ते गोळा कर : तिकडच्या निकालाची प्रत, तुरुंगातून आलेली पत्रं, उच्चायुक्तालयाशी झालेला पत्रव्यवहार, परत येतानाचे कागद, बीजींनी केलेले अर्ज आणि त्यांच्या पोचपावत्या. बीजींची ट्रंक गावी असेल तर आधी ती उघड. मग उच्च न्यायालयात काम केलेल्या वकिलाला दाखव. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर. फेसबुकवर यातलं काही टाकू नकोस. शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे.

बीजींबद्दल तू जेमतेम एक ओळ लिहिलीस. नवरा कुठे आहे, जिवंत आहे का, हे कुणाला विचारायची सोय नसताना त्या बाईने ‘स्मगलरची बायको’ हे ऐकत घर चालवलं. अर्जात त्यांची वर्षंही मांड. आणि तुझ्या नवऱ्यावर चिडू नकोस. शाळेत त्यानेही तेच ऐकलं असेल. त्याला उकरायचं नाहीये, कारण ते त्याच्यासाठी अजून जुनं झालेलं नाही. एका संध्याकाळी त्याच्याकडून त्याचं लहानपण ऐक, कोर्टाचा विषय न काढता.

पापाजींच्या परवानगी मागण्याने तुझ्या पोटात कालवतं, हे समजतं. पण दर वेळी ‘विचारता कशाला?’ म्हणून टोकू नकोस, त्याने ते आणखी आक्रसतील. बाल्कनीचं दार सकाळीच उघडून ठेव, तिथे त्यांची खुर्ची असू दे. घराची एक किल्ली त्यांच्या हातात दे. जवळच्या गुरुद्वाऱ्यात त्यांच्या वयाची, त्यांच्या बोलीची माणसं भेटतील. झोप उडालेली असेल, दचकून उठत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला लाजू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे.

मुलापासून लपवू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये रशियाने अदलाबदलीत आपलं एक हेर जोडपं स्लोव्हेनियातून सोडवून नेलं. विमानतळावर खुद्द पुतिन हजर होते, फुलं होती. पण आपण रशियन आहोत, हे त्या जोडप्याच्या दोन मुलांना मॉस्कोच्या विमानात बसल्यावर कळलं. पुतिन त्या मुलांशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलले, कारण त्यांना रशियन येत नव्हती. एवढा मानसन्मान होऊनही किंमत पोरांनीच मोजली. तुझ्या लेकाला सांग : आजोबांना एका कामासाठी दुसऱ्या देशात पाठवलं होतं, तिथे त्यांना पकडलं, त्यांनी चोरी केलेली नाही. एवढं पुरे. बाकीचं तो मोठा झाल्यावर, आजोबांना वाटलं तर तेच सांगतील.

आणि कोर्टात जायचं की नाही, हे तुझ्या किंवा नवऱ्याच्या मर्जीवर सोडू नकोस. पापाजींना विचार, आणि उत्तराची घाई करू नकोस. त्यांनी हो म्हटलं तर वकिलाचा मसुदा त्यांना वाचता येईल अशा लिपीत, गुरुमुखीत किंवा उर्दूत, लिहवून घे. त्यांनी तो स्वतः वाचून, हवं ते खोडून झाल्यावरच सही घ्या. नको म्हणाले तर कागद नीट बांधून ठेव, आणि तो विषय पुन्हा त्यांच्याकडून निघेपर्यंत थांब.