सावड आणि वेठ

पोरी,

तुझा रात्री दीड वाजताचा मेसेज सकाळी वाचला, मग परत एकदा वाचला. अभ्यासमंडळात तू अराज्यवादाची, म्हणजे कुणाची कुणावर सत्ता नको या विचाराची, बाजू घेतलीस आणि सगळे तुटून पडले, सरकार नको पोलीस नको मग दरोडेखोरांना काय ओवाळायचं का असं कुणीतरी विचारलं, तुला उत्तर सुचलं नाही, आणि आता तुला वाटतंय की इतके महिने आपण एका पोरकट गोष्टीमागे घालवले. फोनवर हे नीट बोलणं होणार नाही म्हणून लिहितोय. लांबेल, सवडीने वाच.

पहिलं म्हणजे त्यांचा मुद्दा मान्य करून टाक. उद्या सकाळी सरकार नाहीसं झालं तर तलाठी जाईल पण सावकार राहील, वाळूवाला राहील, गावचा दादा राहील, आणि त्यांना विचारणारं कुणी उरणार नाही. स्पेनमधे जुलै 1936 ला बार्सिलोनाच्या कामगारांनी ट्राम आणि कारखाने ताब्यात घेऊन स्वतः चालवले, आणि ते चाललं सुद्धा. पण समोर बंडखोर सेनापती फ्रँकोचं सैन्य उभं होतं, आणि नोव्हेंबरमधे त्याच कामगारांच्या अराज्यवादी संघटनेची चार माणसं सरकारात मंत्री झाली, मे 1937 मधे तर बार्सिलोनाच्या रस्त्यांवर फ्रँकोच्या विरोधात लढणारेच एकमेकांवर गोळ्या झाडत होते. हे लपवू नकोस. देश चालवायची योजना म्हणून अराज्यवाद माझ्याही हातात कधी टिकला नाही, पस्तीस वर्षं मी त्याच्यावर विचार करतोय.

मग मी तो सोडत का नाही, ते सांगतो.

आमचं गाव पाटणकडचं, भाताचं. लावणीला सावड असायची. आज तुझ्या खाचरात दहा माणसं, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या, पैसा कुठे नाही, वही नाही, कोण कुणाकडे किती दिवस आलं हे सगळ्यांच्या डोक्यात. घाटावर नांगरटीला इर्जिक घालायचे, दहा-पंधरा जण आपापली बैलं घेऊन एकाच्या रानात उतरणार, दिवसात रान उलटं करणार आणि त्याच्या घरी जेवून जाणार. क्रोपोट्किनने 1902 साली परस्पर साहाय्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, जन्माने तो रशियातला राजपुत्र, तरुणपणी सायबेरियात भटकला आणि तिथलं पाहून त्याला पटलं की जगण्याच्या झगड्यात एकमेकांना धरून राहणारे टिकतात. ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांची लावणी आठवली, ह्याला आपल्याकडे शब्द आहे की, असं वाटून मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

पण त्याच गावात वेठ पण होती, आणि हे मला फार उशिरा दिसलं याचं वाईट वाटतं. मेलेलं जनावर ओढायचं, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी पळायचं, आलेल्या साहेबाचं सामान वाहायचं, हे सगळं महारवाड्यातल्या माणसांनी. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुतं. बाबासाहेबांनी 1928 मधे मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि वतनं कायद्याने जायला 1958 उजाडलं. त्यानंतरही माझ्या लहानपणी सांगावा न्यायला हाक त्याच वस्तीत जायची. लांबून बघितलं तर सावड काय आणि वेठ काय, दोन्हीकडे माणसं दुसऱ्याच्या कामाला गेलेली, दोन्हीकडे पोलीस नाही, हुकूमनामा नाही. फरक इतकाच की सावडीला तू म्हणू शकतेस, यंदा नाही जमत रे. वेठीला नाही म्हटलं तर पाणी बंद, वाट बंद, काम बंद.

माझ्यापुरता अराज्यवाद इथे सुरू होतो. जिथे एकाचं दुसऱ्यावर चालतं तिथे विचारायचं, खालच्याला नाही म्हणता येतं का? आणि येत नसेल तर वरच्याने कारण द्यायचं, त्याच्याविना चालणारच नाही हे त्याने पटवून द्यायचं, खालच्याने नाही. मग वरचा म्हणजे कलेक्टर असो, पाटील असो, नवरा असो की संस्थेचा ज्येष्ठ कार्यकर्ता.

म्हणून तुला कुणी बाबासाहेबांचा दाखला दिला तर घाईने वाद घालू नको. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत ते म्हणाले की गाव म्हणजे अज्ञानाचं, कोतेपणाचं डबकं. पुढच्या वर्षी 25 नोव्हेंबरला म्हणाले की घटनेचा मार्ग खुला असताना सत्याग्रह वगैरे म्हणजे अराजकाचं व्याकरण. ज्याला गावाने पाणी नाकारलं त्याला दूरचं सरकार जवळचं वाटणारच, आणि सरकार मधे पडलं नसतं तर कित्येक ठिकाणी काही हललं नसतं. पण हे पण बघ की महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 मधेच केला होता, तो कागदावर राहिला, आणि 20 मार्च 1927 ला हजारो लोक स्वतःच्या पायाने तळ्यावर गेले तेव्हा ते पाणी ओठाला लागलं. बाबासाहेबांना अराज्यवादी म्हणायचा आगाऊपणा मी करणार नाही. ठराव पण लागला आणि पावलं पण लागली, एवढंच म्हणतो.

गांधींनी 1916 मधे बनारसला भर सभेत सांगितलं होतं की मीही अराज्यवादी आहे, पण वेगळ्या प्रकारचा. आणि तीस वर्षांनी, स्वयंपूर्ण गावांचं चित्र मांडताना, लोक याला कल्पनेतलं म्हणतील हे ओळखून त्यांनी युक्लिडच्या बिंदूचा दाखला दिला, तो कुणालाच काढता येत नाही तरी त्याचं मोल जात नाही. मला आपला गवंडी आठवतो. शंभर टक्के सरळ भिंत त्याने जन्मात बांधलेली नसते, पण ओळंबा घरी ठेवून तो कामावर येत नाही.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, गोंडांचं छोटं गाव, घोषणा तू ऐकली असशील, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथे मतदान करत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत निर्णय थांबतो, एक माणूस अडला तरी थांबतो. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात, म्हणजे तुमच्यासारखंच मंडळ, फक्त तिथे जे ठरतं त्यावर चूल पेटते. 2009 मधे सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी स्वतःचा बांबू विकायला 2011 पर्यंत भांडावं लागलं. आणि हक्क मिळाला तो 2006 च्या केंद्राच्या वनहक्क कायद्याने! घोषणेतच बघ, दिल्लीतलं सरकार त्यांनी नाकारलेलं नाही, आपल्या दारात त्याला किती आत येऊ द्यायचं ते ठरवलंय. मला वाटतं मंडळात तुला जे उत्तर सुचलं नाही ते साधारण इथे आहे.

आता तुझं. नोकरी सोडून कुठल्या गावात जाऊन राहू का असं विचारलंयस, तर आत्ता नको. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की मंडळात एक मुलगी तीन महिने येतेय, चहा तीच करते, सतरंज्या तीच घालते आणि चर्चेत एक शब्द बोलत नाही. खोलीची किल्ली तुझ्याकडे असते ना? पुढच्या रविवारी चहा तू कर, आणि नंतर तिला बाजूला घेऊन विचार की एखाद्या रविवारी ती म्हणाली मी चहा करणार नाही, तर काय होईल असं तिला वाटतं. ती काय म्हणते ते मला कळव.

तुझा,
सर